ससाणा आणि आमचा पाच लिटरचा कुकर

दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकरची पहिली शिट्टी झाली की अजूनही आम्ही तिघं बोलता बोलता थांबतो आणि बाल्कनीकडे बघतो. तिथे आता वाळत घातलेले टॉवेल असतात आणि तुळशीची कुंडी. पण गेल्या सप्टेंबरपासून थंडी पडेपर्यंत त्या कुंडीशेजारी एक शिकारी ससाणा येऊन बसत असे. तो तिथे कसा आला हे सांगायचं तर आधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका वर्कशॉपमध्ये डिझाइन इंजिनिअर आहे. वाळवंटात शिकारीला जाणाऱ्या गाड्या आम्ही आतून तयार करून देतो. पाण्याची टाकी, छोटा फ्रीज, रुतलेली गाडी ओढायचा विंच, सामानाचे कप्पे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या दोन सीटच्या मधोमध ससाण्याला बसायचा अड्डा. माझ्या वडिलांचं करमाळ्याला सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मशीन डिझाइनचे पेपर लिहिताना आपण पुढे पक्ष्याची खुर्ची डिझाइन करू असं वाटलं नव्हतं. पण ज्या शिक्षणाने मला इथवर आणलं त्याचं मी कधी वाईट बोलत नाही. खुर्ची पक्ष्याची असली तरी गाडीची थरथर तिच्यात उतरू नये, हे गणित माणसाच्या खुर्चीसारखंच असतं.

या अड्ड्यामुळेच आमची ओळख झाली. एका अरबाबाची, म्हणजे इथल्या अरब मालकाची, गाडी घेऊन त्याचा ससाणेवाला आला. ससाण्यांना खाऊ घालणं, शिकवणं, उडवणं, आजारी पडले तर दवाखान्यात नेणं, हे सगळं करणारा माणूस. पन्नाशीचा, दाढी नीट कातरलेली, डाव्या हातावर जाड कापडी मनगटबंद आणि त्यावर डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवलेला ससाणा. तो आमच्या फोरमनशी हिंदीत बोलत होता. मधेच पक्ष्याने टाकलेली पिचकारी माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावर पडली, आणि तो पुटपुटला, "अगो बाय, साहेबाच्या बुटावर नको."

मी म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"रत्नागिरी," तो म्हणाला. "आणि ही कुठली ते हिच्या पासपोर्टात बगा."

ते खरंच होतं. इथे ससाण्याला पासपोर्ट असतो, त्यात नंबर असतो, आणि विमानात तो मालकाशेजारी बसून जातो. माझा पासपोर्ट निघाला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आमच्या गल्लीतले लोक तो बघायला आले होते. ही अडीच वर्षांची होती आणि दोन देश फिरून आली होती.

'ही' म्हणतोय, कारण शिकारीला मादीच पसंत करतात. नरापेक्षा ती मोठी आणि जोरकस असते. भाईंनी तिला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं. मी त्यांना भाई म्हणायला लागलो आणि ते मला 'इंजिनेरसाहेब', ते मात्र अशा सुरात, की साहेबपणा लगेच उतरावा.

अड्ड्याचं काम आठवडाभर चाललं. मी त्याच्या तळाला थरथर शोषणारं रबरी बुशिंग घातलं, वर हिरव्या प्लास्टिकच्या गवताचा तुकडा बसवला. गुळगुळीत जागेवर बसून ससाण्याच्या तळव्यांना फोड येतात, म्हणून ते खरखरीत गवत. भाईंनी तिला त्यावर बसवून अबू धाबीच्या मुसफ्फापर्यंत चक्कर मारली आणि परत येऊन सांगितलं, "एका पायावर उभी ऱ्हायली. म्हंजे खूश हाय." कुठल्याही मॅनेजरने माझ्या कामाला याहून चांगला शेरा दिलेला नाही.

त्याच दिवशी चहा पिताना त्यांनी आपली अडचण सांगितली.

गेल्या मोसमात अरबाबाचा शिकारीचा कॅम्प पडला होता. इथे मोकळ्या रानात शिकारीला बंदी आहे. परवाना काढून राखीव जागेत जायचं, आणि पाळून वाढवलेले हुबारा तिथे सोडलेले असतात, त्यांच्यावर ससाणे उडवायचे. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाच्या भाऊबंदांतला, आकाराने लहान. कॅम्पचा स्वयंपाकी मल्याळी. त्याने त्या वर्षी नवीन म्हणून गावाहून मोठा थोरला कुकर आणला होता. दुपारी त्या कुकरने पहिली शिट्टी मारली आणि ही भाईंच्या हातावरून उडाली. पायात दोरी, त्यामुळे उलटी लटकली, फडफडली, शेपटीची दोन पिसं मोडली. दुसऱ्या शिट्टीला परत तेच. जमलेली पाहुणेमंडळी हसली. कोणीतरी म्हणालं, "याच्या ससाण्याला पातेल्याची भीती वाटते."

"अरबाब काय म्हणाला?" मी विचारलं.

"तो काय म्हणनार? म्हनाला, जी पातेल्याला घाबरते ती हुबाऱ्यासमोर काय करील. यंदाच्या कॅम्पात परत लटकली तर देऊन टाकीन चुलतभावाला, फुजैऱ्याला. त्याला पिंजऱ्यात शोभेला पक्षी हवेच हायेत." भाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "पिसं परत आली. भीती नाय गेली."

त्यावर उपाय त्यांना माहीत होता. ससाण्याला कशाचीही सवय लावायची म्हणजे एकच रीत. ती गोष्ट आधी लांबून दाखवायची, लगेच घासभर मांस द्यायचं, मग ती गोष्ट थोडी जवळ आणायची, परत घास. घाई केली की सगळं मागे जातं. याच रीतीने नवे ससाणे बाजारात, कॉफीच्या दुकानात, मॉलमध्ये घेऊन बसतात. पण भाईंच्या खोलीत गॅस चालत नव्हता. कंपनीच्या नियमाप्रमाणे विजेचा राईस कुकर. "तो शिट्टी मारत नाय, नुसता टिक करतो," ते म्हणाले. अरबाबाच्या घरी नवीन तऱ्हेचा कुकर, तो बिचारा आवाजच करत नाही. बायको-मुलं रत्नागिरीला. आख्ख्या दुबईत त्यांच्या ओळखीचं शिट्टीवालं घर एकही नव्हतं.

मीच म्हणालो, "आमच्याकडे रोज वाजतो."

मी असं बोलून गेलो, याला कारण होतं. करमाळ्याच्या आमच्या घरी पहिला कुकर आला तो माझ्या शाळेच्या हेडमास्तरांकडून. त्यांच्याकडे नवीन आला म्हणून जुना त्यांनी आमच्याकडे पाठवला. पहिली शिट्टी झाली तेव्हा आई घराबाहेर पळाली आणि तो गार होईपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरीणबाई आल्या. त्यांनी आईला समजावलं वगैरे काही नाही. आमच्या चुलीच्या खोलीत पाटावर बसून शेंगा सोलत राहिल्या आणि शिट्टी झाली तेव्हा शेंगाच सोलत होत्या. अशा त्या चार-पाच दिवस आल्या. पुढे आई शिट्ट्या मोजून आम्हाला शाळेला पाठवायची. त्या जोडप्याने माझ्यासाठी काय काय केलं ते सांगत बसलो तर हा लेख त्यांचाच होईल. म्हणून एवढंच.

घरी आल्यावर बायकोला विचारलं. ती ऑनलाइन गणित शिकवते आणि प्रश्न ऐकतानाच त्यातली चूक शोधते.

"खाणार काय तो पक्षी?"

"घासभर लावा. छोटा पक्षी असतो."

"लावा म्हणजे क्वेलच ना? माझ्या घरात?" तिच्या माहेरी अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. "त्यापेक्षा त्या स्वयंपाक्यालाच सांगा की, कुकर लावू नकोस म्हणून."

"कॅम्पात तीस माणसांचं जेवण असतं."

"मग पक्ष्याला घरी ठेवा."

मी आईची गोष्ट सांगितली. ती तिला आधीच माहीत होती. तरी तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, "बाल्कनीत. काचेचं दार बंद. मांस आत येणार नाही, हात बाहेरच्या नळावर धुवायचे, आणि मला ते दिसता कामा नये."

आमची मुलगी चौथीत आहे. तिने विचारलं, "बाबा, will she be vegetarian on Saturdays?"

पहिल्या शनिवारी वॉचमनने भाईंना लिफ्टपाशी अडवलं. "बिल्डिंग में पेट अलाउड नहीं है." भाईंनी खिशातून ससाण्याचा पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. त्याने पानं उलटली, शिक्के बघितले, आणि पासपोर्ट दोन्ही हातांनी परत करत म्हणाला, "मैडम के लिए लिफ्ट होल्ड करूँ?"

भाई बाल्कनीत स्टुलावर बसले. पायाखाली आणि भिंतीलगत जुने पेपर, कारण ससाणा पिचकारी खाली टाकत नाही, मागे टाकतो, आणि चांगली लांब टाकतो. मी आत ओट्याशी. बायकोने डाळ-तांदळाचा कुकर चढवला आणि पाठ करून उभी राहिली. शिट्टी झाली. काचेपलीकडे पंख एकदा ताठ झाले, पण ती उडाली नाही. भाईंच्या चिमटीतला लाल तुकडा तिच्या चोचीत गेला. भाईंनी अंगठा वर केला. बायकोने मागे वळून न पाहता विचारलं, "झालं का?"

"झालं."

"पाणी किती जास्त घातलंय मी, बघा. वरण पातळ झालं."

असे शनिवार सुरू झाले. अधूनमधून एखादी संध्याकाळसुद्धा. भाई येताना माशाचं लोणचं घेऊन यायचे ते आम्हाला चालायचं नाही, मग खजूर आणायला लागले. मीही त्या निमित्ताने बरंच शिकलो. नवशिक्याला उपयोगी म्हणून इथे लिहून ठेवतो. ससाण्याकडे एकटक बघायचं नाही, त्याला ते भांडण वाटतं. मागून किंवा वरून हात न्यायचा नाही. रोज वजन करायचं, कारण पोट भरलेला ससाणा तुमचं काही ऐकणार नाही आणि उपाशी ससाण्यात उडायचं बळ नसतं. नेमक्या भुकेचं वजन प्रत्येकाचं वेगळं. टोपी चढवताना हात डळमळू द्यायचा नाही. आणि तो कधी तुमच्यावर रागावला तर भाईंच्या शब्दांत, "चूक तुमचीच आसते, उगाच तिला विचारू नका."

बायकोच्या अटी मात्र शनिवारागणिक सरकत गेल्या. ते तिने ठरवून केलं असं मला वाटत नाही. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी काचेचं दार उघडायची वेळ आली तेव्हा तिने ते स्वतः उघडलं, कारण माझे हात पिठाचे होते. मग पुढच्या खेपेला भाई दारात बसले. मग हॉलच्या टोकाला, पेपरांच्या गालिच्यावर. मांस झाकायला तिने एक स्टीलचा डबा दिला आणि बजावलं, "हा आता तुमचाच. परत आणू नका." एकदा मी आत आलो तर ती त्या पक्ष्याशी बोलत होती, कुकरचं झाकण लावत लावत. "आता होईल बरं का. घाबरायचं नाही. नुसती वाफ आहे."

"वैनी, तिला मराठी येतं," भाई गंभीरपणे म्हणाले. "माझ्याकडं वाढली. अरबी येत नाय म्हनून अरबाब चिडतो."

"मग माझ्या मुलीपेक्षा बरी," ती म्हणाली.

"I heard that," आतून आवाज आला.

शेवटच्या काही दिवसांत ससाणा ओट्यापासून हातभर अंतरावर बसायचा. शिट्टी झाली की अंग फुलवून पिसं झटकायचा आणि परत सावरून बसायचा. ससाणा अशी पिसं झटकतो तेव्हा तो निर्धास्त असतो. भाईंचे डोळे भरून आले ते मी बघितलं, पण त्यांनी कांद्याचं निमित्त सांगितलं. कांदा त्या दिवशी चिरलेला नव्हता.

शंका आली ती बायकोलाच. "भाई, ती आता शिट्टी व्हायच्या आधीपासून कुकरकडे बघते. आणि तोंडाने कसला तो आवाज काढते?"

"मागते."

"म्हणजे भीती गेली ते ठीक. पण आपण तिला शिट्टी म्हणजे जेवण असं शिकवलंय. शिट्टी झाली की हिची भूक चाळवते. कॅम्पात ती शिकार सोडून स्वयंपाक्याकडे गेली तर?"

ही चूक भाईंची आणि आमच्या घराची मिळून होती. त्यांची रीत बरोबरच होती. फक्त सवय लागल्यावर घास हळूहळू कमी करायचा असतो, एका शिट्टीला द्यायचा, दुसरीला नाही, आणि मग बंद. पण आमच्याकडे जेवायला आलेल्याला वाढायचं थांबवत नाहीत. शिट्टी झाली की आम्हीच "द्या हो तिला, द्या" म्हणायचो. मांसाचा डबा पुढे सरकवण्यात आमचं शाकाहारी घर सगळ्यात पुढे होतं. आता कॅम्प चार दिवसांवर आला होता.

"बगू," भाई म्हणाले. "लटकनार तर नाय ना? तेवडंच सांगितलंय अरबाबाने."

नव्या अड्ड्याची पहिलीच फेरी म्हणून अरबाबाने मलाही कॅम्पला बोलावलं. बायकोने डब्यात धपाटे दिले आणि सांगितलं, "काय होईल ते फोन करून सांगा. गाडीचं नव्हे. तिचं."

कॅम्प म्हणजे तीन मोठे तंबू, गालिचे, कॉफीची सुरई, टोप्या घालून ओळीने अड्ड्यांवर बसलेले सात-आठ ससाणे आणि पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले दहा-बारा पाहुणे. अरबाब साठीचा, भरदार, हिंदी अशी बोलायचा की लहानपणी मुंबईचेच व्यापारी त्याला भेटले असावेत. पहिल्या दुपारी तंबूमागे कुकरची शिट्टी झाली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने पिसं झटकली आणि स्वयंपाकाच्या तंबूकडे तोंड करून बसली.

"शू हाज़ा? ये क्या?" अरबाब म्हणाला. "डर खलास?"

"खलास, अरबाब," भाई म्हणाले. त्यांच्या खांद्यावरून ओझं उतरलं ते मला दिसलं. मला वाटलं, गोष्ट संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हुबाऱ्यावर सोडलं. खरं सांगतो, माझं मन थोडं मागे ओढत होतं. करमाळ्याच्या शाळेत आमची सहल माळढोक बघायला गेली होती. दिवसभर उन्हात बसून एकही दिसला नव्हता, आणि वनरक्षकाने आम्हाला तो वाचवायची शपथ दिली होती. इथे त्याचाच भाऊबंद समोरून चालत होता. हे पक्षी यासाठीच वाढवलेले असतात हे मला माहीत होतं, तरी मी मनातल्या मनात दोघांनाही शुभेच्छा दिल्या.

हुबाऱ्याला माझ्या शुभेच्छांची गरज नव्हती. ती त्याच्यावर झेपावली, तो ऐन वेळी वळला आणि त्याने आपलं शस्त्र चालवलं. हुबारा पाठलाग करणाऱ्या ससाण्यावर चिकट विष्ठा फेकतो. पंखांवर बसली की पिसं एकमेकांना चिकटतात. तिला ती पुरी लागली. ती कशीबशी उडाली, आणि दूरच्या एका मोबाइलच्या टॉवरवर जाऊन बसली. तिथून उतरेना.

भाईंनी पंखांचं आमिष दोरीला बांधून गरगर फिरवलं, "हो! हो!" करून हाका मारल्या. ती चोचीने पिसं साफ करत राहिली. पाठीवरचा ट्रान्समीटर ती कुठे आहे ते बरोबर सांगत होता, पण ते तर आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं. दुसऱ्या एका ससाणेवाल्याने आमिष फिरवलं, तिसऱ्याने जिवंत कबुतर दाखवलं. काही नाही. सकाळ गेली. वारा वाढायला लागला. एक पाहुणा म्हणाला, वाऱ्यावर एकदा चढली की ओमान गाठेल. अरबाब गाडीत बसून दुर्बीण लावून बघत होता, आणि भाईंच्या आवाजाला आता घोगरेपणा आला होता.

"ती माज्यावर रुसलीय," ते मला म्हणाले. "एवड्या लोकांत तिची फजिती झाली." दोरी त्यांच्या हातातून गळून पडली होती. "गेली तर गेली हो. उडवतो तेवा ती आपली नसतेच. पन जखमी झाली तर हितं कोन हाय तिला."

मी टॉवरकडे बघत होतो आणि घड्याळ बघून मनात आलं, या वेळेला घरी कुकर लावतात. आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं.

"नाय," भाई म्हणाले. "हसतील."

"हसू देत."

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मी कॅम्पकडे गाडी पळवली. स्वयंपाकी नुकता मोठ्या कुकरमध्ये मटण भरत होता. तो हातातला डाव उगारून म्हणाला, "पाँच किलो मटन है इसमें! खाना कौन देगा सबको, तुम?" मी त्याला सगळं सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं, मटण परत पातेल्यात काढलं आणि कुकर, शेगडी, सिलिंडर घेऊन स्वतःच गाडीत चढून बसला. "मेरा कुकर है. मैं भी जाएगा."

टॉवरच्या पायथ्याशी, वाळूत, आम्ही शेगडी मांडली. पांढऱ्या कंदुऱ्यांचा घोळका गाड्यांना टेकून बघत होता. वाऱ्याने आच सारखी विझायची. मी गाडीतला अड्डा बुशिंगसकट उपटला आणि त्याची पत्र्याची तबकडी आडोशाला धरून उकिडवा बसलो. ज्याच्या डिझाइनचा मला एवढा अभिमान, त्याचा असा उपयोग होत होता. कुकर काही तापेना. मी बायकोला फोन लावला.

"शिट्टी लवकर हवी असेल तर काय करायचं?"

तिने 'का' विचारलं नाही. "किती पाणी घातलंय?"

"अर्धा कुकर."

"ओता ते! तळाला दोन भांडी पाणी ठेवा फक्त. आणि झाकणाची रिंग ओली करून बसवा. अहो, ती कुठे आहे?"

"टॉवरवर."

फोनमध्ये मुलीचा आवाज आला, या खेपेला मराठीत. "बाबा, तिला आणा."

पाणी ओतलं, रिंग ओली केली. फुसफुस सुरू झाली. मागून कोणीतरी अरबीत काहीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग शिट्टी झाली. लांब, कर्कश, आमच्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा जरा जाड, पण तशीच.

टॉवरवर तिची मान वर झाली. तिने डोकं वरखाली केलं, दोनदा, अंतर मोजल्यासारखं.

"अजून एक," भाई कुजबुजले. त्यांच्या हातात लाव्याचा तुकडा होता. "अजून एक, वैनी." वैनी तिथे नव्हती, पण कुकर बघून त्यांना तीच आठवत असणार.

दुसरी शिट्टी वाजली आणि ती सुटली. सरळ खाली, वाऱ्याला कापत. स्वयंपाक्याने "अय्यो!" म्हणून गाडीखाली डोकं घातलं. ती शेगडीपासून हातभर अंतरावर, मी घाईने आडव्या केलेल्या तबकडीवरच्या हिरव्या गवतावर येऊन बसली. अंगाला घाण वास, पिसं विस्कटलेली. तोंडाने तो मागायचा आवाज चालू. भाईंनी तुकडा पुढे केला, तिने घेतला, आणि त्यांनी तिच्या पायातली दोरी बोटांत घट्ट धरली. मग ते तसेच वाळूत बसून राहिले.

सगळे अरबाबाकडे बघत होते. मला अट आठवत होती. लटकली तर नव्हती. पण शिकार सोडून पातेल्याकडे येणारा ससाणा म्हणजे त्याहून मोठा विनोद. चुलतभाऊही त्या घोळक्यात होता. तो पुढे होऊन काहीतरी बोलला. त्यात फुजैरा हा शब्द मला कळला.

अरबाब गाडीतून उतरला. कुकरजवळ आला, खाली वाकून त्याने शिट्टीकडे नीट बघितलं. मग तो हसायला लागला. इतका की डोक्याला बांधलेला रुमाल, गुत्रा, घसरला. हसू थांबल्यावर तो भाईंना हिंदीत म्हणाला, "शिकार तो सब करता है. वापस कौन आता है?" मग चुलतभावाकडे वळून अरबीत दोन शब्द बोलला आणि हात झटकला. भाईंनी मला त्याचा अर्थ सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती. चुलतभाऊ कॉफी प्यायला निघून गेला होता आणि भाई तिच्या पंखावरची घाण आपल्या बाहीने पुसत होते.

"यल्ला," अरबाब स्वयंपाक्याला म्हणाला, "अब मटन लगाओ. इसको दो बार सीटी सुनके भूख लगा, हमको भी."

ती पुढच्या शनिवारी आमच्याकडे आली नाही. आता तिला शिट्टीची सवय लावायची नाही, मोडायची आहे, आणि त्याला आमचं घर चालणार नाही असं भाईंचं म्हणणं. बायकोला ते पटलं, पण तो मांसाचा स्टीलचा डबा मात्र तिने भाईंकडून परत मागून घेतला. स्वच्छ घासून बाल्कनीच्या कपाटात वेगळा ठेवलाय. "कधी आले तर," म्हणते.

मागच्या महिन्यात अरबाबाची दुसरी गाडी वर्कशॉपमध्ये आली. पाणी, फ्रीज, विंच, अड्डा, सगळं नेहमीचं. आणि अड्ड्याच्या मागे एक गोल खाच, झाकणाच्या पट्ट्यासकट, खालून रबरी बुशिंग. मॅनेजरने ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं, "हे काय बसणार इथे?" मी माप परत एकदा तपासलं. सवय मोडायची असली तरी कुठे चढून बसली तर परत बोलवायला एक शिट्टी राखून ठेवायची असं ठरलं होतं, आणि भाईंच्या आग्रहावरून माप आमच्या घरच्या कुकरचं घेतलं होतं, पाच लिटरच्या. मोठ्या कुकरची शिट्टी जरा जाड येते, म्हणे, आणि तिला आमचीच ओळखीची.